सूर्य बुडतो ती बाजू

"चुकलास की मुद्दाम दाखवलंस? एवढंच सांग. बाकी मला काय ऐकायचं नाय."

अब्बा दारात उभे होते. जुम्म्याची पांढरी टोपी डोक्यावर तशीच, चप्पल पायात तशीच, हातात नजीबमामूने विलायतेहून धाडलेलं फोटोंचं पाकीट. चुकलो म्हणायचं ठरवूनच मी जिना चढलो होतो. चार मजले, लिफ्ट बंद, प्रत्येक पायरीला मनात घोकत होतो, चुकलो, चुकलो, धुकं होतं, चुकलो. पण एवढंच सांग असं कुणी दरडावून म्हटलं की माझ्या डोक्यात काहीतरी खटकन सुटतं. शाळा पण अशीच सुटली. मी म्हटलं, "माहीत होतं मला. माहीत असून दाखवलं." अम्मी स्वयंपाकघरातून ओला हात पदराला पुसत आली. म्हणाली, "अवो, पोराला पाणी तरी पिऊ द्या, उन्हातनं आलाय." माझी बहीण अरीबा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "अब्बा, इट्स जस्ट अ डायरेक्शन." "तू गप," अब्बा म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून एकच शब्द, "का?" मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. आपला आपल्यालाच इतका राग यावा की कान गरम व्हावेत, तसं झालं. मग अब्बांनी घड्याळात बघितलं. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "साडेचारला मी खाली गाडीत बसतो. उत्तर सापडलं तर ये. नाय सापडलं तर अरबाबाकडे मी एकटाच जातो, आणि सांगतो पोराचं राहू दे. तुझ्याबद्दल कुणाला शब्द द्यायचा तर मला तरी माहीत पाहिजे ना, तू कोण हायस ते." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

म्हणजे हिशेब सरळ आहे. पुढच्या महिन्यात मला अठरा पूर्ण होतात, मग अब्बांच्या व्हिसावर मला बहारीनमध्ये राहता येणार नाही. मआमीरच्या ज्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये अब्बा टाइमकीपर आहेत, तिथल्या स्टोअरमध्ये एक जागा आहे. अरबाब, म्हणजे त्यांचा मालक, शुक्रवारी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर हमद टाउनच्या घरी मजलिसमध्ये, आल्यागेल्याच्या बैठकीत बसतो, आणि आज अब्बा त्याच्यासमोर मला उभा करून म्हणणार होते की हा माझा मुलगा, खोटं बोलत नाही, चोरी करत नाही, याला व्हिसा द्या. अरबाब कागद बघत नाही, बाप बघतो. झालं तर मी इथे. नाही झालं तर खेडला चुलत्याच्या घरी, पडवीत खाट टाकून. मला गाव वाईट वाटतं असं नाही, पण तिथे मी पाहुणा म्हणून जातो. पडवीतल्या खाटेवर कायमचा पाहुणा व्हायचं म्हणजे काय, ते मला आजपर्यंत बघायचं नव्हतं.

आता तीन वाजून दहा मिनिटं. असरची अजान होऊन गेली आणि अब्बा खाली मशिदीत गेले नाहीत. हे मी पहिल्यांदा बघतोय. दाराला कान लावला तर एसीच्या घरघरीतून त्यांचा आवाज येतो, अल्लाहु अकबर, मग शांतता, मग गुडघ्याची कट्ट. सलाम फिरवतात आणि लगेच पुन्हा उभे राहतात. कझा पढतायत. विलायतेतल्या नऊ दिवसांच्या नमाजा, एकेक करून परत. कुणी सांगितलं नाही त्यांना. उलट खाली हुसेनचाचा म्हणालेच होते, "अरे हारूनभाय, नियत साफ होती, मौलवीला विचार, माफ असेल." पण चाचांनी ते म्हणायच्या आधी जे म्हटलं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

झालं असं की जुम्म्यानंतर आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरसमोर, म्हणजे वाण्याच्या दुकानासमोर, आमची कोकणी माणसं उभी राहतात, थंड पेप्सी घेऊन, आमच्या झिंज मोहल्ल्यातली आणि दोनचार बाहेरची. अब्बा बारा वर्षं त्या घोळक्याच्या कडेला उभे राहतात, दुसऱ्याचं ऐकतात. आज पहिल्यांदा मधोमध उभे होते. एकेक फोटो पुढे करत होते. ही व्हॅन बघा, आत चूल, बिछाना, सगळं. ही सायकल. हा मी. हा समुद्र. मग तो फोटो आला, मीच काढलेला. कड्यावर हिरवं गवत, जानमाजच्या, नमाजच्या चटईच्या, चार कोपऱ्यांवर चार दगड, अब्बा हात बांधून उभे, आणि समोर समुद्रावर नुकत्याच बुडालेल्या सूर्याची लाली. फोटो खरंच चांगला आलाय. हुसेनचाचा चाळीस वर्षं जहाजावर होते, सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उतरले, आता पोराकडे राहतात. त्यांनी फोटो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. म्हणाले, "हा कधीचा, संध्याकाळचा, मगरिबचा? विलायतेतला? मग तू समुद्राकडं तोंड करून काय करतोस रे हारून? अमेरिकेला सलाम घालतोस?" सगळे हसले. वाईट नव्हते हसले, पेप्सी नाकात जावी तसे हसले. मग चाचांनी समजावून सांगितलं, बोटाने हवेत. मुंबईहून निघालं की किब्ला, नमाजला तोंड करायची मक्केची बाजू, जहाजाच्या तोंडाकडे. सुएझ ओलांडली की पाठीकडे. तिथून पुढे सगळी सफ, नमाजची रांग, उलटी फिरवायची. ते रोज चीफ ऑफिसरला विचारून डेकवर खडूने रेघ मारायचे, आणि खलाशी त्या रेघेकडे बघून उभे राहायचे. "विलायतेत मक्का कुठं? इकडं, खाली, उगवतीच्या अंगाला. तुझी तर पाठ होती की रे तिकडं." मी अब्बांचे कान बघत होतो. आधी वरचं टोक लाल झालं, मग खालपर्यंत. त्यांनी फोटो गोळा केले, कडा जुळवल्या, पाकिटात घातले. मग माझ्याकडे बघितलं. धुक्याचा दिवस त्यांना तिथेच आठवला असणार, पेप्सीच्या क्रेटपाशी.

का, ते शोधायचंय मला. माझ्याकडे सव्वा तास आहे. गंमत म्हणजे मला भीती वाटत नाहीये, निदान सगळी भीतीच नाहीये, मला खरंच जाणून घ्यायचंय. कुणी तिसऱ्याने असं केलं असतं तर मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं असतं तसं बघतोय. नावेद नावाचा एक पोरगा, उभट चेहरा, नखं खाल्लेली, बापाने किब्ला विचारला तर बोट करून खोटी दिशा दाखवतो. काय असेल त्याच्या डोक्यात?

सोपं उत्तर म्हणजे सूड. शाळेच्या ऑफिसात, प्यूनसमोर, अब्बांनी मला थोबाडीत मारली होती. गणिताच्या सरांनी फळ्यावर बोलावून विचारलं होतं, मी उत्तर दिलं, सर म्हणाले चूक, मी म्हटलं बरोबर आहे, ते म्हणाले शहाणा आहेस का, मी वही फाडली आणि डेस्क ढकललं. डेस्क पुढच्या पोराच्या पायावर पडलं. उत्तर बरोबर होतं. नंतर कुणीतरी ताडून बघितलं पण तोवर अंगठा फ्रॅक्चर, अब्बा हजर, थोबाडीत. अब्बांनी एकदाही विचारलं नाही की उत्तर काय होतं. आठ महिने झाले त्याला. पण सूड असता तर मला मजा वाटायला हवी होती, आणि त्या गवतावर मला मजा वाटत नव्हती, एवढं नक्की. सूड कापला.

त्या सहलीचं मूळ पण ती थोबाडीतच. अब्बांना रजा शिल्लक होती, नजीबमामू बर्मिंगहॅमहून किती वर्षं बोलावत होते, आणि अम्मीने रडून सांगितलं की पोराला इथून जरा हलवा, भिंतीवर डोकं आपटेल. अरीबाच्या परीक्षेमुळे त्या दोघींना येता आलं नाही. एप्रिलमध्ये आम्ही दोघंच गेलो. आठ तास विमानात शेजारी बसून आमच्यात झालेलं बोलणं म्हणजे, "खिडकी बंद कर" आणि "जेवण हलाल आहे का विचार." विमानतळावर मामू थेट व्हॅन घेऊनच आले होते. साईच्या रंगाची जुनी व्हॅन, नारिंगी पडदे, छत वर उचललं की आत उभं राहता यायचं, मागे दोन सायकली पट्ट्यांनी बांधलेल्या. कुणा म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून घेतलेली, खणात त्याचे चमचे तसेच होते. "घरी नंतर जाऊ, घर काय पळतंय," मामू म्हणाले आणि गाडी सरळ पश्चिमेला घातली. मामू वीस वर्षं तिथे गाड्यांच्या सीटा शिवतात, आणि त्यांची बोली वीस वर्षांपूर्वीची तशीच राहिलीये, आमच्या आजोबांसारखी. ऐकताना वाटायचं कुणीतरी लोणच्याची बरणी उघडली.

पहिल्या संध्याकाळी समुद्र आला. डेव्हनची उत्तर बाजू, उंच कडा, खाली लाटा, आणि समोर पाण्यात सूर्य उतरत चाललेला. वारा असा की एसीच्या तोंडाशी चोवीस तास उभं केल्यासारखं. अब्बांनी माकडटोपी घातली, वुझूसाठी हातपाय-तोंड धुतलं, दात वाजत होते. बराच वेळ समोर बघत राहिले. म्हणाले, "अगदी आपल्या हर्णैसारखं रे." आणि जानमाज पसरली, सूर्याकडे. चूक अशी झाली. त्यांना चूक वाटण्यासारखं तिथे काही नव्हतंच. अर्धा जन्म गावी गेला, समुद्र पश्चिमेला, किब्ला पश्चिमेला. मग बहारीन, इथेही किब्ला पश्चिमेला. चाळीस वर्षं सूर्य बुडतो ती बाजू. माणूस उजवा हात कुठला ते विचारतो का? आणि विचारणार तरी कुणाला, मामूला? मामू व्हॅनमध्ये अंडी फोडत होते. "तुमचं होऊ द्या भावजी, मी नंतर पढतो," म्हणाले होते, आणि ते नंतर नऊ दिवस आलंच नाही. त्या रात्रीचं जेवण अब्बा आणि मामू दोन दिशांना बघून जेवले.

मला तिसऱ्या दिवशी कळलं. व्हॅनच्या डॅशबोर्डवर काचेचा गोळा चिकटवलेला होता, आत पाणी आणि पाण्यात तरंगणारं होकायंत्र. मी पुढच्या सीटवर, कंटाळलेला, त्याच्याकडे बघत होतो, आणि अचानक माझ्या नववीच्या वर्गातला नकाशा डोळ्यासमोर आला. वर्षभर मी त्याच्याखाली बसलो होतो. वर डाव्या कोपऱ्यात इंग्लंड, एवढंसं. तिथून अरबस्तानात यायचं तर बोट उजवीकडे आणि खाली येतं. कसंही फिरवलं तरी डावीकडे जात नाही. डावीकडे नुसतं निळं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नाही, एखादं कोडं सुटल्यावर येतो तसला. मामूला सांगितलं तर ते अंडं उलटत म्हणाले, "तुला आता कळलं? मला पहिल्याच दिवशी." "मग सांगा की त्यांना!" "मी? मी ईदेला जातो मशिदीत, तेपण शेवटच्या सफेत, चपला शेजारी ठेवून. माझ्याकडून किब्ला ऐकेल तुझा बाप? तू सांग. तू पोरगा हायस त्याचा." मी म्हटलं संध्याकाळी सांगतो. तेव्हा खरंच सांगणार होतो. हे मला नीट आठवतं, कारण वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

पण त्या दुपारी सायकली निघाल्या. पॅडस्टोच्या खाडीच्या कडेने एक जुनी रेल्वेलाइन आहे, रूळ काढून टाकलेले, त्यावर सायकलींचा रस्ता. मामूचा गुडघा गेलेला, म्हणून आम्ही दोघंच. मला वाटलं अब्बा पडतील. मी त्यांना फक्त डॅटसनच्या स्टिअरिंगमागे बघितलेलं, कोपर अंगाला चिकटवून, प्रत्येक राउंडअबाउटला शिव्या देत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पँटच्या उजव्या पायाची कड घोट्याशी गुंडाळून बांधली, डावा पाय पेडलवर ठेवला, दोन उड्या, आणि टांग मारून वर. आणि गेले. मी मागे. त्यांची पाठ सरळ होती, एक हात मांडीवर. वळणावर घंटी वाजवायचे, समोर कुणी नसलं तरी. रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं होती, अब्बा एकदम थांबले, फुलाला नाक लावलं, म्हणाले, "ये, हुंग." खोबऱ्याचा वास! खवलेल्या ताज्या खोबऱ्याचा, विलायतेत, काट्यांमध्ये. आम्ही दोघं येड्यासारखे झुडूप हुंगत उभे, एक गोरी म्हातारी म्हणाली लव्हली डे, अब्बा म्हणाले यस सर, थँक यू सर, आणि मी हसलो तर तेपण हसले. पुढे चिखलात बगळे होते, ओहोटी होती. मी विचारलं सायकल कुठे शिकलात. म्हणाले, "शिकतो कशाला, पाव टाकायचो. पहाटे कॅरियरला ट्रंक बांधून, पंधरा मैल. तुझ्यापेक्षा लहान होतो." मी म्हटलं, "मग शाळा?" "शाळा काय," ते म्हणाले, "सुटली." आणि जोरात पेडल मारून पुढे गेले. बहारीनमध्ये सगळ्यांना माहीत आहे की हारूनभाय मॅट्रिक. मला पण तेच माहीत होतं.

त्या संध्याकाळी ते नमाजला उभे राहिले तेव्हा मी सांगितलं नाही. आत्तापर्यंत मी स्वतःला हेच सांगत आलो की त्यांचा तो आनंद मोडायला नको म्हणून. ऐकायला किती गोड. अम्मीला सांगितलं तर ती मला जवळ घेईल. पण मग नुसतं गप्प बसायचं होतं ना? गप्प बसणं वेगळं आणि बोट दाखवणं वेगळं. हे उत्तर घेऊन खाली गेलो तर अब्बा कदाचित गाडी चालू करतीलही. आणि मी त्यांना दुसऱ्यांदा खोटी दिशा दाखवलेली असेल.

आत पुन्हा अल्लाहु अकबर. अम्मी येऊन माझ्या मांडीवर इस्त्रीचा शर्ट ठेवून गेली. अरीबा आता पुस्तक मिटून माझ्याकडे बघतेय. "यू शुड हॅव सेड सॉरी." "सॉरी विचारलं नाय त्यांनी, का विचारलंय." "देन टेल हिम व्हाय, ना, स्टुपिड." जणू ते फ्रिजमध्ये ठेवलंय.

पाचव्या दिवशी धुकं आलं. कॉर्नवॉलमध्ये कुठेतरी माळावर, व्हॅन रस्त्याच्या कडेला, मामू आत घोरत होते. सूर्य नाही, समुद्र नाही, दहा पावलांवरचं मेंढरू नुसतं ऐकू यायचं. असरची वेळ. अब्बा जानमाज काखेत घेऊन उतरले आणि उभे राहिले. एकदा इकडे वळले. मग तिकडे. मग पुन्हा इकडे. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, इतक्या मोठ्या माणसाला, पाय कुठे रोवायचे ते न कळलेलं. आणि मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "किब्ला कुठं असेल रे, नावेद?" आवाज हळू होता. बापाचा आवाज नव्हता, रस्ता विचारणाऱ्याचा होता. मी अर्ध्या मिनिटापूर्वीच तो काचेचा गोळा बघून उतरलो होतो. दक्षिण कुठे, पूर्व कुठे, सगळं माझ्या डोक्यात स्वच्छ होतं. खरं तर तोच क्षण होता सांगायचा, देवानेच धुकं पाडून दिलेला. नुसतं खरं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं, धुक्यात त्यांना कळलंसुद्धा नसतं. मी हात वर केला आणि पश्चिम दाखवली.

आणि ते वळले. लगेच. नक्की का म्हणाले नाहीत. कशावरून म्हणाले नाहीत. शहाणा आहेस का म्हणाले नाहीत. माझ्या बोटाच्या रेषेत जानमाज टाकली, वाकून सरळ केली, आणि म्हणाले, "ये, मागे उभा राहा." मी राहिलो. गवत इतकं ओलं की सजद्यात कपाळ भिजलं. समोर अब्बांचे मोजे, टाचेला भोक. आम्ही दोघं त्या धुक्यात, मी दाखवलेल्या दिशेला, जिथे काही नव्हतं, कपाळ टेकून.

तेच. तिथेच आहे ते. मला बघायचं होतं वळतात का. हात वर होताना मला फक्त तेवढंच कुतूहल होतं, बरोबर दिशेला वळले असते तर ते दिशेसाठी वळले असते, मला चुकीच्या दिशेला वळलेले बघायचे होते, माझ्यासाठी. ते वळले. माझं म्हणणं कुणी असं न विचारता कधी घेतलं नव्हतं, फळ्यासमोर नाही, ऑफिसात नाही. आणि त्यानंतरचे चार दिवस मी गप्प राहिलो कारण चूक सांगितली असती तर ते वळणंही परत द्यावं लागलं असतं. मला ते ठेवून घ्यायचं होतं. त्यांच्या नमाजेच्या बदल्यात. हे असं आहे. हे गोड नाहीये. हे ऐकून अब्बा मला गाडीतून उतरवतील असंही होऊ शकतं, हमद टाउनच्या वाटेवर, कुठल्याही राउंडअबाउटला, आणि मग पडवी, खाट, सगळं. पण हे खरं आहे, एवढं मला कळतं. गणिताचं उत्तर बरोबर आलं की कळतं तसं.

दार उघडलं. मी मान वर केली नाही, नुसते पाय बघितले. ते चप्पल घालून बाहेर गेले, जिन्यावर आवाज, चौथा, तिसरा, दुसरा. अब्बा हॉर्न मारत नाहीत. नुसते बसून राहतात, घड्याळ बघत. चार वाजून सव्वीस. शर्टाची बटणं उलटसुलट लागतायत. पहिलं वाक्य काय म्हणायचं? अब्बा, तुम्ही लगेच वळलात. तिथून सुरू करतो, पुढचं पुढे. मला आता निघायला हवं.